लेकराला रक्ताचा कॅन्सर निघाला तर: विदर्भातल्या गावाकडच्या घरांसाठी

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा, आणि त्यातही बहुतेक वेळा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. दवाखान्यात सगळे त्याला ‘एएलएल’ म्हणतात, मीही तसंच लिहिते. दोन ते पाच वर्षांच्या लेकरांत तो जास्त दिसतो, पण तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत कुणालाही होऊ शकतो. मोठ्या माणसांचा उपचार वेगळा आणि जास्त अवघड असतो. हा लेख लेकरांपुरता आहे.

मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे आणि माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. गडचिरोली, मेळघाट, वणी, गोंदिया इकडून आलेल्या आईबापांना पहिल्या दिवशी जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात आधी हे ऐका: हा आजार बरा होतो. श्रीमंत देशांत दहापैकी नऊच्या आसपास मुलं पूर्ण बरी होतात. औषधं तीच आहेत, नागपुरात मिळतात, आणि त्यातली बरीचशी जुनी आणि स्वस्त आहेत. आपल्याकडे लेकरं हातची जातात ती मुख्यतः निदानाला झालेल्या उशिराने, उपचारात झालेल्या जंतुसंसर्गाने आणि अर्ध्यात सोडलेल्या उपचाराने. या तिन्ही गोष्टींत घरचे लोक फार काही करू शकतात.

पहिली पायरी: हा नेहमीचा ताप नाही, हे ओळखणं

हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, रक्त तयार होतं. एएलएलमध्ये तिथे अपक्व पांढऱ्या पेशी, ज्यांना ब्लास्ट म्हणतात, बेसुमार वाढतात आणि चांगलं रक्त तयार व्हायला जागाच उरत नाही. सगळी लक्षणं यातूनच येतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की लेकरू पांढरंफटक दिसतं, खेळायचं सोडून पडून राहतं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, कमी पडले की मार न लागता अंगावर निळे डाग उठतात, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मगज भरून फुगल्यामुळे हाडं दुखतात. रात्री पाय दुखतो म्हणून लेकरू रडतं, लंगडतं, उचलून घ्या म्हणतं. मानेत, काखेत, जांघेत गाठी लागतात. यकृत आणि पानथरी वाढून पोट मोठं दिसतं.

आपल्या भागात अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्यातरी ओळखीच्या आजारासारखं दिसतं. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, त्यामुळे रक्त कमी आणि हाडं दुखतात म्हटलं की सगळ्यांच्या मनात तेच येतं. गडचिरोलीत ताप आणि वाढलेली पानथरी म्हणजे मलेरिया. पावसाळ्यानंतर ताप आणि कमी प्लेटलेट म्हणजे डेंग्यू. हे अंदाज बहुतेक वेळा बरोबरही निघतात. म्हणून मी एक साधी गोष्ट लक्षात ठेवायला सांगते. डेंग्यूचे प्लेटलेट पडले तरी आठवडा-दहा दिवसांत पुन्हा चढतात. मलेरियाचा ताप औषधाने उतरतो. सिकलसेलच्या दुखण्यात प्लेटलेट सहसा एवढे खाली जात नाहीत. दोन आठवडे उलटले, औषध झालं, तरी ताप, पांढरेपणा आणि हाडदुखी यांतलं काही जात नसेल, किंवा यातली दोन लक्षणं एकत्र असतील, तर पुढची सलाईन लावायच्या आधी रक्त तपासा. सिकलसेल असलेल्या लेकरालाही एएलएल होऊ शकतो, हेही विसरू नका.

पोट मोठं झालं म्हणून काही ठिकाणी लेकराच्या पोटावर चटके देतात. कृपा करून तसं करू नका. एएलएलच्या लेकरात ती जखम भरत नाही, आणि तिथूनच जंतू रक्तात शिरतात.

श्वास लागणं, चेहरा आणि मान सुजणं, आडवं झोपता न येणं ही तातडीची लक्षणं आहेत. एका प्रकारच्या एएलएलमध्ये छातीत गाठ वाढून श्वासनलिका दाबली जाते. अशा वेळी १०८ ला फोन करा, उद्याची वाट पाहू नका. रक्तस्राव थांबत नसेल, झटका आला, लेकरू गुंगीत जात असेल, तरीही तसंच.

दुसरी पायरी: सीबीसी, आणि त्याच्या सोबत स्मिअर

सीबीसी ही साधी रक्ततपासणी आहे. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही रक्त तपासणीला पाठवता येतं. रिपोर्ट हातात आला की तीन आकडे पाहा: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. लहान मुलात हिमोग्लोबिन साधारण ११ च्या वर हवं, प्लेटलेट दीड लाखाच्या वर. पांढऱ्या पेशींचं मात्र फसवं असतं. ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असणार असं अनेकांना वाटतं, पण त्या २,००० असू शकतात, दोन लाख असू शकतात, अगदी ८,००० सुद्धा असू शकतात. म्हणून ‘पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. तीनपैकी दोन आकडे बिघडलेले असतील तर स्मिअर हवाच.

स्मिअर म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी पाहणं. मशीन पेशी मोजतं, पण ब्लास्ट ओळखायला ते अनेकदा चुकतं आणि त्यांना लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या साध्या पांढऱ्या पेशी, म्हणून मोजून टाकतं. रिपोर्टवर ‘लिम्फोसाइट ८५ टक्के’ असं काही दिसलं आणि सोबत हिमोग्लोबिन, प्लेटलेट पडलेले असले, तर लॅबमध्ये स्पष्ट शब्दांत सांगा: ‘पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी स्वतः स्लाइड पाहावी.’ हे सांगायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

आता या पायरीवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. निदान होण्याआधी लेकराला स्टेरॉइडची सुई किंवा गोळी देऊ देऊ नका. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावं. गावाकडे ताप उतरवायला, सांधे दुखतात म्हणून, अंगावर काही उठलं म्हणून ही औषधं सर्रास दिली जातात, आणि ल्युकेमियाच्या लेकराला त्यांनी दोन दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटतं. कारण स्टेरॉइड हे एएलएलच्या उपचारातलंच एक औषध आहे. पण एकट्याने, अपुऱ्या मात्रेत दिलं की ब्लास्ट तेवढ्यापुरते विरघळतात, स्मिअर आणि बोनमॅरो दोन्ही फसवे येतात, आजाराचं निदान महिनाभर पुढे जातं. वर आजार त्या औषधाला सरावतो आणि लेकराला पुढे जास्त तीव्र उपचार घ्यावा लागू शकतो. ‘डॉक्टर, यात स्टेरॉइड आहे का?’ हे विचारायला शिका. आधीच दिलं गेलं असेल तर लपवू नका. किती दिवस, कोणतं, हे मोठ्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगा, चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं सोबत न्या.

तिसरी पायरी: जायचं कुठे

स्मिअरमध्ये ब्लास्ट दिसले की जवळच्या, पण मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर असलेल्या दवाखान्यात एक-दोन दिवसांत पोहोचायचं. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहेत; वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा: मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर आज आहेत का, प्लेटलेट मिळतील का, सरकारची फुले योजना (तिच्याबद्दल पाचव्या पायरीत) इथे या आजाराला लागू आहे का.

मुंबईला टाटाला जायचं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. माझं मत स्पष्ट आहे. अवघड प्रकार असेल, आजार परतला असेल, किंवा डॉक्टरांनीच पाठवलं तर नक्की जा. पण रक्तात ब्लास्ट दिसताहेत, प्लेटलेट १५,००० आहेत, अशा लेकराला रात्रभराच्या रेल्वेत बसवून नेऊ नका. आधी जवळ स्थिर करा. शिवाय हा उपचार दोन-अडीच वर्षांचा आहे. ज्या दवाखान्यात तुम्ही अर्ध्या रात्री ताप आला तर पोहोचू शकता, तोच तुमचा दवाखाना.

चौथी पायरी: बोनमॅरो आणि पाठीतलं पाणी

या दोन तपासण्यांची लोकांना जबर भीती असते. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोरगं पांगळं होतं’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर थांबून लिहिते.

बोनमॅरो कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, मणक्यातून नाही. भूल किंवा गुंगीचं औषध देऊन, सुईने थोडासा मगज ओढून घेतात. दोन दिवस जागा दुखते. त्या नमुन्यात एकूण पेशींपैकी साधारण २०-२५ टक्क्यांहून जास्त ब्लास्ट असतील तर ल्युकेमिया पक्का होतो. त्याच नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री करतात. त्यातून एएलएल बी पेशींचा की टी पेशींचा (पांढऱ्या पेशींचे हे दोन प्रकार) हे कळतं. आणि जनुकांच्या तपासण्या करतात, कारण काही बदल असतील तर आजार सहज आटोक्यात येतो आणि काही असतील तर उपचार वाढवावा लागतो. फिलाडेल्फिया गुणसूत्र नावाचा असा एक बदल निघाला तर इमॅटिनिबसारखी वेगळी गोळी जोडतात. या तपासण्यांचे रिपोर्ट यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, पण उपचार तोवर थांबत नाही.

पाठीतलं पाणी मेंदूभोवतीच्या जागेत आजार शिरला आहे का हे पाहायला काढतात, आणि त्याच सुईने तिथे औषध सोडतात, कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. सुई कमरेपाशी टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे त्याला इजा होत नाही. नंतर तासभर सपाट झोपवा, डोकं दुखलं तर सांगा. हे औषध न देता उपचार केले तेव्हा, म्हणजे १९६० च्या आसपास, मुलं रक्तातून बरी होऊन मेंदूत आजार परतून जायची. म्हणून ‘पाठीतली सुई नको, बाकी सगळं करा’ असं म्हणू नका.

एक गोष्ट आईबापांनी जरूर पाहावी. व्हिन्क्रिस्टीन हे औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. ते पाठीत गेलं तर जीव जातो. म्हणून चांगल्या दवाखान्यात पाठीतलं औषध आणि व्हिन्क्रिस्टीन वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी देतात. ‘सिस्टर, हे कोणतं औषध, शिरेत की पाठीत?’ असं प्रत्येक वेळी विचारा. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

लेकराचं वय १ ते १० च्या मधे आणि पहिल्या पांढऱ्या पेशी ५०,००० च्या आत असतील तर धोका कमी मानतात. वर्षाच्या आतलं बाळ, दहाच्या वरचं पोर, किंवा खूप जास्त पेशी असतील तर जास्त. पहिल्या सीबीसीचा कागद म्हणूनच हरवू देऊ नका.

पाचवी पायरी: कागद आणि पैसा

महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. पहिलं तिथे जा. रेशनकार्ड, आधार, लेकराचा जन्मदाखला, आईबापाचे आधार, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. नेहमी अडतं ते एकाच जागी: लहान लेकराचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं. घरी जो मागे राहिला आहे त्याला त्याच दिवशी तहसीलला पाठवा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतो, म्हणून कागद अपुरे आहेत या कारणाने परत फिरू नका. फुले योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांसाठी दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज तोच भरून देतो, धर्मशाळेची चिठ्ठीही तोच देतो. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्मवर दवाखान्याचा शिक्का लागतो. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा. शेत, बैल विकायच्या आधी ही सगळी दारं वाजवून पाहा. सावकाराकडे जायची घाई मात्र अजिबात नको.

आणि मुलगी असेल तर? तिलाही आणा. आपल्या देशात कॅन्सरच्या उपचाराला मुलांच्या मानाने मुली कमी आणल्या जातात, हे वॉर्डातल्या खाटा पाहिल्या की कळतं. मुलींनाही याच औषधांनी याच मार्गाने बरं करता येतं.

सहावी पायरी: पहिला महिना

या टप्प्याला इंडक्शन म्हणतात, चार ते पाच आठवड्यांचा. रोज स्टेरॉइड, आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीन, ठरावीक दिवशी ॲस्पॅराजिनेज, गरजेप्रमाणे डॉनोरुबिसिन, आणि पाठीत मेथोट्रेक्सेट. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात, जी आपल्या प्रत्येक अंगणात फुलते. म्हणून कुणी पानं कुटून रस पाजायला सांगेल; तो विषारी आहे, पाजू नका. मेथोट्रेक्सेटच्या मागे येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाची मेहनत आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या ॲमिनोप्टेरिनने १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बरांनी पहिल्यांदा ल्युकेमियाच्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. मला त्याचा अभिमान वाटतो.

पहिल्या काही दिवसांत ब्लास्ट एकदम मरतात आणि त्यांचा कचरा मूत्रपिंडावर येतो. म्हणून भरपूर सलाईन आणि ॲलोप्युरिनॉल देतात, लघवी मोजतात. लघवी मोजायचं काम आईचं, ते मनापासून करा. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका घटकाची) कमतरता असेल, कावीळ होऊन रक्त उतरलं असेल, तर सांगा. एक औषध अशा लेकराला चालत नाही.

स्टेरॉइडने लेकराला राक्षसी भूक लागते, चेहरा गोल होतो, चिडचिड होते. व्हिन्क्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतो, जबडा दुखतो, पाय घसटत चालणं येतं. केस जातात, परत येतात. ॲस्पॅराजिनेजनंतर पोटात कळ, उलट्या, किंवा सुई चालू असताना खोकला, पुरळ आलं तर ताबडतोब हाक मारा.

रक्त लागेल, प्लेटलेट लागतील. गावातल्या तरुणांची रक्तगटासकट यादी करून ठेवा, पण आईबाप आणि सख्ख्या भावंडांचं रक्त लेकराला थेट देऊ नका. ते विकिरण, म्हणजे किरणांची प्रक्रिया, केल्याशिवाय धोक्याचं असतं. त्यांनी बदली रक्तदान करावं.

या महिन्यात गावी जायचं नाही. कापूस फुटला असेल, सोयाबीनची सोंगणी असेल, तरीही नाही. दोन माणसं ठरवा: एक लेकराजवळ, एक शेताकडे, आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल. एकट्या आईवर सगळं टाकलं की ती दुसऱ्या महिन्यात मोडते.

तापाचा नियम

वॉर्डातून सुट्टी घेताना एवढं एक पाठ करूनच जा. काखेत थर्मामीटर लावून ताप एकदा १०१ फॅरनहाइट आला, किंवा १००.४ च्या वर तासभर राहिला, की दवाखाना. रात्र असो, पोळा असो. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या लेकराचं रक्त काही तासांत जंतूंनी भरतं, आणि पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. थंडी वाजते, हातपाय गार पडलेत, पण ताप नाही, तरीही निघा.

पेशींचा हिशेब शिकून घ्या: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे, म्हणजे त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे, टक्के. २,००० पेशी आणि २० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ४००. पाचशेच्या खाली म्हणजे धोका मोठा.

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. मेळघाटातून अमरावती गाठायलाच तास जातात. म्हणून आधीच तजवीज करा. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून घ्या: कोणतं अँटिबायोटिक, किती, आधी द्या आणि मग नागपूरला पाठवा. तिथल्या डॉक्टरांना लेकरू बरं असतानाच एकदा भेटून या. गावात रात्री गाडी कोण काढेल ते ठरवा. पावसाळ्याचे चार महिने शक्य असेल तर शहराजवळच्या नातेवाइकाकडे राहा.

आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. दंडात, मांडीत सुई नको. जडीबुटी, काढा नको. त्याने यकृत बिघडतं आणि खरी औषधं थांबवावी लागतात. नवस करा, देवळात जा, त्याला माझी ना नाही, फक्त अंगारा लेकराच्या तोंडात घालू नका आणि गर्दीच्या जत्रेत त्याला नेऊ नका.

खाणं घरचंच: ताजी भाकर, वरण, पूर्ण शिजलेलं अंडं, उकळलेलं दूध, उकळून गार केलेलं पाणी. संत्रं, केळं स्वच्छ धुऊन घरीच सोलून द्या. कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, बाहेरचा रस नको. पथ्याच्या नावाखाली उपाशी मात्र ठेवू नका.

सातवी पायरी: पोरगं बरं दिसतं, आता पुढे कशाला?

हा लेख मी लिहिते आहे तो या जागेसाठी. महिन्याअखेरीस पुन्हा बोनमॅरो करतात, त्यात ब्लास्ट दिसत नाहीत, लेकरू धावतं, खातं. डॉक्टर म्हणतात रेमिशन आलं. घरच्यांना वाटतं झालं, पैसे संपलेत, पेरणी तोंडावर आहे, नंतर येऊ. आणि ते येत नाहीत.

निदानाच्या वेळी अंगात ब्लास्ट साधारण एक लाख कोटी असतात. मायक्रोस्कोपला दिसेनासे झाले तरी शंभर कोटी किंवा त्याहून जास्त उरलेले असू शकतात. निंदणात हरळी वरवर काढली की रान चार दिवस स्वच्छ दिसतं, पण जमिनीतल्या कांड्या तशाच असतात. तसं हे आहे. मायक्रोस्कोपला न दिसणारा हा उरलेला आजार एमआरडी नावाच्या तपासणीने मोजतात. दहा हजारात एक ब्लास्ट असला तरी ती पकडते, आणि पुढचा उपचार किती तीव्र करायचा ते तिच्यावर ठरतं. एमआरडी निगेटिव्ह आली तरी पुढचे टप्पे पूर्ण करायचेच असतात. इथे उपचार सोडलेल्या लेकरांचा आजार बहुधा काही महिन्यांत परततो, आणि परतलेला आजार जास्त चिवट, जास्त महाग असतो.

पुढचे सहा-सात महिने कन्सॉलिडेशन (उरलेला आजार मारायचा टप्पा), जास्त मात्रेचं मेथोट्रेक्सेट, पुन्हा एकदा इंडक्शनसारखा टप्पा असे येतात-जातात. दवाखान्याप्रमाणे क्रम थोडा बदलतो, वेळापत्रक लिहून घ्या. येता येत नसेल तर फोन करा, खरं कारण सांगा. पैशाचं असेल तर तेही सांगा. समाजसेवकाकडे काहीतरी वाट निघते. न सांगता गायब होऊ नका, एवढीच हात जोडून विनंती.

आठवी पायरी: गावी राहून गोळ्या

मेंटेनन्स, म्हणजे घरी राहून गोळ्या घ्यायचा शेवटचा टप्पा, साधारण दीड ते दोन वर्षांचा. रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, आणि न्यूमोनिया टाळायला ठरावीक दिवशी कोट्रायमॉक्साझोल. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं तर जीवावर बेततं. म्हणून वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल करा, गोळ्या वेगळ्या डबीत ठेवा, आणि एकाच माणसाने द्या.

मर्कॅप्टोप्युरिन रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी. शंभरात पाचपेक्षा जास्त गोळ्या चुकणाऱ्या मुलांत आजार परतण्याचा धोका कितीतरी वाढतो, असं अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडच्या काही मुलांत जनुकाच्या फरकामुळे या औषधाचा परिणाम जास्त होतो आणि पेशी एकदम पडतात. म्हणून ठरलेल्या तारखेला सीबीसी करून व्हॉट्सॲपवर पाठवा. मात्रा डॉक्टर बदलतील, तुम्ही नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करतं. मास्तरांना, सेविकेला लेखी सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सिकलसेलसाठी रोज फॉलिक ॲसिड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोलिओच्या रविवारी तोंडातला डोस या लेकराला नाही. घरातल्या भावंडांनाही थेंबांऐवजी पोलिओची सुई द्यावी. वर्गात कुणाला कांजण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा, पहिल्या तीन-चार दिवसांत संरक्षक औषध देता येतं.

शाळेत मात्र पाठवा. पेशी बऱ्या असताना लेकराने वर्गात बसावं, खेळावं. शेजारणी विचारतील, लागण होते का? होत नाही. ताट, पाणी, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. आईच्या कुंडलीत, खाण्यात, पूर्वजन्मात याचं कारण नाही. फवारणीने झालं का असं बाप विचारतात. एका लेकराच्या बाबतीत अमुकच कारण असं बोट ठेवता येत नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, डबे घरात ठेवू नका, ते तसंही करायलाच हवं.

मुलगा असेल तर महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी वृषण तपासा. न दुखता सुजलेलं, टणक लागलं तर दाखवा. आजार तिथे लपून परतू शकतो. सकाळी उठल्यावर डोकेदुखी, उलटी, तिरळेपणा आला तरी तसंच. परतला तरी सगळं संपत नाही: पुन्हा केमो (कॅन्सरची औषधं), बोनमॅरो प्रत्यारोपण, ब्लिनाटुमोमॅब नावाचं नवं औषध असे मार्ग आहेत. त्या वेळी मोठ्या केंद्राचं मत नक्की घ्या.

शेवटची गोळी झाल्यावर

पहिलं वर्ष दर एक-दोन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढत जातं. साधारण सहा महिन्यांनी राहिलेल्या लसी पुन्हा द्यायला सुरुवात करतात, आशाताईंना कार्ड दाखवा. डॉनोरुबिसिनचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरावीक काळाने करायचा असतो, लेकरू वीस वर्षांचं झालं तरी. त्यासाठी दवाखान्यातून उपचाराचा सारांश मागून घ्या: कोणती औषधं, एकूण किती मात्रा, कोणत्या तारखा. मूळ कागद घरी ठेवा, फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा, आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर एक प्रत तिच्यासोबत द्या, म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टरांना तिच्या हृदयाची तपासणी आधीच करून घेता येईल.